शिडाच्या होडीला पल्पिट आणि लाइफलाइन : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

मेअखेरच्या उधाणाच्या भरतीला होडी रेवसच्या खाडीकाठी वर ओढून घेतली असून पावसाळाभर ती लाकडी टेकूंवर, ताडपत्रीच्या छपराखाली उभी राहील. तिची लांबी २२ फूट आणि रुंदी २.४ मीटर आहे. काया फायबरची, डेक बाल्सा लाकडाचा गाभा असलेला, एक डोलकाठी आणि दोन शिडे. मूळ बांधणीत तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कठडा नाही आणि काठाने ताराही नाहीत. नाळेवर चार पायांचा स्टीलचा कठडा, म्हणजे पल्पिट, आणि तिथून मागे कॉकपिटपर्यंत, म्हणजे बसून होडी चालवण्याच्या खोलगट जागेपर्यंत, खांबांवरून नेलेल्या दोन-दोन तारा, म्हणजे लाइफलाइन, एवढे काम या पावसाळ्यात पूर्ण करायचे ठरवले आहे.

कारण साधे आहे. या होडीवर जिब, म्हणजे पुढचे शीड, गुंडाळण्याची सोय नाही, त्यामुळे वारा वाढला की ती उतरवायला माणसाला नाळेवरच जावे लागते, आणि नेमक्या त्या वेळी त्याचे दोन्ही हात शिडात गुंतलेले असतात. मुंबई बंदराच्या तोंडाशी दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. त्यात ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले असले आणि पश्चिमेची लाट त्यावर आली, तर आखूड आणि उभ्या लाटा तयार होतात. अशा पाण्यात २२ फुटी होडीची नाळ आपटत नाही, ती उसळते. अनुभव कितीही असला तरी अशा वेळी धरायला काहीतरी हवेच. फ्रान्सचे एरिक तबार्ली यांच्याइतके समुद्र जाणणारे शिडकरी त्यांच्या पिढीत फार थोडे होते. ते १९९८ च्या जूनमध्ये आयरिश समुद्रात, रात्री शीड कमी करत असताना, आपल्या ‘पेन दुइक’ या होडीवरून पाण्यात फेकले गेले. १८९८ मध्ये बांधलेल्या त्या होडीला काठाने तारा नव्हत्या.

इथले होड्या बांधणारे मिस्त्री होडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “आमच्या होडीत माणूस आत उभा राहतो, काठ त्याच्या मांडीला लागतो. तुमच्या होडीवर माणूस झाकणावर उभा राहतो.” प्रश्नाची याहून नेमकी मांडणी मला करता आली नसती.

१६ जून २०२४

उंचीचा प्रश्न आधी सोडवणे भाग होते, कारण पुढचे प्रत्येक माप त्यावर अवलंबून आहे. वर्ल्ड सेलिंग या संस्थेच्या खोल समुद्रातील शर्यतींसाठीच्या सुरक्षा नियमांत ८.५ मीटरपेक्षा लहान होडीला एकच तार आणि तीही डेकपासून किमान ४५० मिलिमीटर उंचीवर चालते; ८.५ मीटर आणि त्याहून मोठ्या होडीला दोन तारा लागतात आणि वरची तार किमान ६०० मिलिमीटरवर असावी लागते. दोन खांबांमधले अंतर २.२ मीटरपेक्षा जास्त नसावे, खांब उभ्या रेषेपासून १० अंशांपेक्षा जास्त कललेला नसावा, आणि पल्पिटची वरची दांडी वरच्या तारेपेक्षा खाली नसावी, हेही त्यांत आहे. आमची होडी शर्यतीची नाही, त्यामुळे हे नियम तिला बंधनकारक नाहीत. पण ते अनेक अपघातांच्या अभ्यासातून तयार झालेले असल्याने त्यांच्यापेक्षा कमी काही करण्याचे मला कारण दिसत नाही.

लहान होडीला दिलेली ४५० मिलिमीटरची सवलत मात्र मी घेणार नाही. उभ्या माणसाच्या बाबतीत ही उंची गुडघ्याच्या खाली येते. तोल गेलेल्या माणसाला ती तार अडवत नाही, उलट त्याच्या नडगीला अडकून त्याला डोक्याकडून बाहेर पाडते. ६०० मिलिमीटरची तार मांडीला लागते आणि माणसाला खाली बसण्यापुरता वेळ देते. म्हणून वरची तार ६०० वर आणि मधली ३०० वर, असा निर्णय केला.

या निर्णयाची किंमत डेकला मोजावी लागते, आणि ती किती हे आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. खांबाच्या टोकाशी बाहेरच्या दिशेने १०० किलोचा जोर आला असे धरू. ६०० मिलिमीटर उंचीमुळे त्याचा पायथ्याशी ६० किलोग्रॅम-मीटरचा पीळ होतो. पायथ्याच्या पत्र्यातले आतले आणि बाहेरचे बोल्ट एकमेकांपासून ६० मिलिमीटरवर असतील, तर आतल्या बाजूच्या दोन बोल्टांना मिळून १,००० किलोने वर खेचले जाते, म्हणजे प्रत्येकी ५०० किलो. सहा मिलिमीटरचा चांगला स्टेनलेस बोल्ट एवढे सहज सोसतो. त्याच्याखालचा चार मिलिमीटर फायबर आणि मऊ बाल्सा ते सोसणार नाहीत.

खांबाच्या पाइपचाही हिशेब केला. एक इंच बाहेरचा व्यास आणि २ मिलिमीटर जाडी असलेला, ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप, धातूची किमान हमी दिलेली ताकद धरली तर, टोकाशी साधारण ३० किलोच्या पुढे कायमचा वाकू लागतो. प्रत्यक्षात पडणाऱ्या माणसाचे वजन तारेतून शेजारच्या खांबांवर आणि पल्पिटवर वाटले जाते, म्हणून एकट्या खांबावर सगळा भार क्वचित येतो. तरीही यातून कामाचे सूत्र हाती लागते : पाइप वाकला तर चालेल, कारण वाकताना तो धक्का शोषून घेतो आणि नंतर बदलताही येतो, डेक मात्र फाटता कामा नये. लोखंडापेक्षा डेकच्या आतल्या कामावर जास्त वेळ जाईल, हे आजच ठरले.

३० जून २०२४

पल्पिटचा फर्मा तयार झाला. विजेच्या फिटिंगचे पीव्हीसी पाइप, गरम हवेची गन आणि केबल टाय एवढ्या सामानात नाळेवर खऱ्या मापाचा कठडा उभा राहतो, आणि कागदावर न दिसणाऱ्या अडचणी त्यावर लगेच दिसतात. डोलकाठी उतरवलेली असल्याने डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या जागी नाळेच्या टोकापासून वर बांबूला सुतळी ताणून बांधली. ती सुतळी पल्पिटच्या पुढच्या कमानीत कुठे येते, जिबचे हूक तिला लावताना हाताच्या मुठीला जागा राहते का, नांगर उचलून आत घेताना त्याचा दांडा कुठे अडतो, हे सर्व करून पाहिले. नांगरासाठी पुढचा भाग थोडा मोकळा ठेवावा लागेल. नियमांत ही फट ३६० मिलिमीटरपर्यंत चालते आणि आम्हाला ३०० पुरेल.

मागचे दोन पाय नाळेपासून ९५ सेंटिमीटर मागे येतात. तिथून मागे प्रत्येक काठावर तीन खांब, दीड-दीड मीटरच्या आसपास. शेवटचा खांब कॉकपिटजवळ असेल आणि त्याला तिरपा टेकू दिला जाईल, कारण तारेचा ताण तिथे बाजूने येत नसून होडीच्या लांबीच्या दिशेने येतो आणि सरळ खांब तो ताण कधीच धरून ठेवत नाही. मागच्या बाजूला कठडा यंदा करणार नाही. तिथे बाहेरच्या इंजिनाचा ब्रॅकेट आहे आणि कॉकपिट पुरेसे खोल आहे. तारा शेवटच्या खांबावरून उतरत डेकवरच्या एका भक्कम कडीला येऊन संपतील.

१३ जुलै २०२४

आज मुंबईत सी. पी. टँकच्या परिसरात पाइप आणि पत्रा घेतला. पहिल्यांदा घेणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे ‘एक इंची पाइप’ एवढेच सांगू नये. नळकामाच्या मापात एक इंच एनबी, म्हणजे आतल्या व्यासाच्या नाममात्र मापाच्या, पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो. आपल्याला हवा तो एक इंच ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर असलेला. पायथ्याच्या नळीसाठी सव्वा इंच ओडीचा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला. त्याच्या आतला व्यास २५.८ मिलिमीटर येतो आणि खांब त्यात न डगमगता बसतो.

दुसरी गोष्ट ३०४ आणि ३१६ यांतल्या फरकाची. दिसायला दोन्ही सारखे आणि लोहचुंबकाने फरक कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडून गंजण्याला ते अटकाव करते. जिन्याच्या कठड्याला ३०४ चालते, समुद्रावर चालत नाही. दुकानदाराने धातू तपासण्याचे हातात धरायचे यंत्र आणून प्रत्येक लांबीवर टेकवले आणि पडद्यावरचा मॉलिब्डेनमचा आकडा दाखवला. जिथे अशी तपासणी करून देत नाहीत तिथून जहाजाचे सामान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असल्याने सगळे सामान पनवेल-पेणमार्गे रस्त्याने नेले.

२८ जुलै २०२४

डेकचे काम सुरू केले. प्रत्येक जागी आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकून पाहिले. गाभा कोरडा आणि चिकटलेला असेल तर आवाज टणक येतो. पाणी शिरले असेल किंवा थर सुटले असतील तर बद्द आवाज येतो. डाव्या काठावर पूर्वीच्या एका खुंटीच्या आसपास, साधारण ताटाएवढ्या भागात, आवाज बद्द आला. तिथे बारीक भोक पाडल्यावर ड्रिलच्या दातांना गडद तपकिरी, ओला लगदा लागून आला. खुंटीच्या स्क्रूमधून वर्षानुवर्षे पाणी झिरपत राहिले आणि बाल्सा कुजत गेला. आपण आता डेकला पाडणार असलेले प्रत्येक भोक याच वाटेने जाऊ शकते, ही जाणीव या कामात सतत ठेवावी लागते.

त्या भागात वरचा फायबर २०० बाय २०० मिलिमीटरचा चौकोन करून कापला, आतला कुजका गाभा पटाशीने खरवडून काढला आणि कोरडे लाकूड लागेपर्यंत कडेने आत कोरत नेले. हवा इतकी दमट असताना लाकूड आपोआप वाळत नाही. हॅलोजनचा दिवा ताडपत्रीखाली काही दिवस सोडून, मधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, शेवटी वजन घटायचे थांबेपर्यंत कपची तोलून पाहिली, तेव्हाच पुढे गेलो. नंतर तो खड्डा काचेच्या कापडाचे थर आणि इपॉक्सी (वाळून कडक होणारे रेझिन) यांनी भरीव केला. तिथे आता गाभा उरलेला नाही, सलग फायबर आहे.

बाकीच्या जागी गाभा ठणठणीत होता, म्हणून तिथे पद्धत वेगळी. पायथ्याच्या पत्र्यात चार बोल्ट येणार आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी वरून २० मिलिमीटरचे भोक पाडले, वरचा फायबर आणि गाभा कापला, पण खालचा फायबर शाबूत ठेवला. अशी एक छोटी वाटी तयार होते. तिच्या कडांना आधी पातळ इपॉक्सी ब्रशने पाजले, कारण बाल्साचे उघडे तंतू ते शोषून घेतात आणि थेट घट्ट मिश्रण ओतले तर कडेला कोरड्या राहिलेल्या जागा तयार होतात. त्यानंतर इपॉक्सीत एरोसिल (मिश्रण घट्ट करणारी सिलिकाची पूड) आणि कापलेले काचतंतू मिसळून, वाटीतून न सांडणारे मिश्रण करून भरले.

४ ऑगस्ट २०२४

भरलेली भोके कडक झाली आहेत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. पॉलिश पेपर आधी फिरवला तर तो थर निघत नाही, पृष्ठभागात दाबला जातो, म्हणून धुणे आधी आणि घासणे नंतर हा क्रम पाळला.

डेकच्या खालून, केबिनच्या छताला, प्रत्येक पायथ्याखाली ८ मिलिमीटर जाडीच्या ग्लास-इपॉक्सी शीटचा १४० मिलिमीटरचा चौकोन चिकटवला. विजेच्या पॅनेलसाठी जी हिरवट-पिवळट शीट मिळते तीच ही. डेकला आतून थोडी गोलाई असल्याने मध्ये घट्ट इपॉक्सीचा थर देऊन तुकडा टेकूने दाबून ठेवला, म्हणजे भार कडांवर न जाता संपूर्ण पृष्ठभागावर पसरतो. बोल्टाखाली फक्त मोठे वॉशर देण्याची पद्धत सर्रास दिसते. ५०० किलोच्या हिशेबापुढे वॉशरचे क्षेत्रफळ ठेवून पाहिले की ती का पुरत नाही हे लगेच कळते.

२४ ऑगस्ट २०२४

पल्पिट जोडला. अलिबागजवळ इमारतींचे स्टील रेलिंग करणारा एक छोटा कारखाना आहे आणि तिथल्या वेल्डरचा हात उत्तम आहे. होडी तिथे नेणे शक्य नसल्याने नाळेचीच प्रतिकृती नेली : जाड प्लायवूडवर चारही पायांच्या जागी लाकडी ठोकळे बसवून, डेकचा उतार आणि गोलाई प्रत्येक ठोकळ्यात रंध्याने उतरवली होती. पायथ्याचे चारही पत्रे या प्रतिकृतीवर बोल्टने आवळून मगच वेल्डिंग केले. स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि थंड होताना जोड आपल्याकडे ओढते. पाय मोकळे सोडले असते तर पल्पिट डेकवर चार पायांनी टेकला नसता.

पाइप वाकवताना कोपऱ्याची त्रिज्या १०० मिलिमीटर ठेवली. त्याहून कमी केली तर आतल्या बाजूला सुरकुती पडते. पाइप तुटक दिसणार नाही अशा रीतीने वरची दांडी डाव्या मागच्या पायापासून नाळेला वळसा घालून उजव्या मागच्या पायापर्यंत एकाच लांबीत आली.

आर्गन वेल्डिंगमध्ये पाहण्यासारखी गोष्ट जोडाच्या आत घडते. वेल्डर भाऊंनी पाइपच्या एका टोकाला मास्किंग टेप लावून त्यात सुईएवढे छिद्र ठेवले आणि दुसऱ्या टोकातून आर्गनची बारीक नळी आत सोडली. आतली हवा बाहेर गेल्यावरच ठिणगी पाडली. असे केले नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला धातू जळून काळा, फुगलेला होतो, आणि तिथूनच पुढे गंज सुरू होतो. भरणीची सळई ३१६ एल. टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते जोड, मारून मापे पुन्हा तपासली, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून पूर्ण केले. थंड झाल्यावर जोडांच्या कडेला फिकट गवती रंग होता. निळा किंवा काळा रंग आला असता तर उष्णता जास्त झाली असे समजले असते.

खांबांच्या पायथ्याच्या नळ्यांना तळाशी एक छोटे भोक ठेवले आहे, म्हणजे आत शिरलेले पाणी साचून राहणार नाही. पल्पिटच्या पुढच्या कमानीवर दिव्यासाठी पत्रा जोडला आणि वायर पाइपच्या आतून खाली नेण्याची सोय केली. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांचा प्रकाश देणारा जोडदिवा तिथे बसेल. सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला हे दिवे शक्य असल्यास लावावेत असे जहाजांची टक्कर टाळण्याचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो. पल्पिटमुळे ते आता शक्य झाले आहे.

३१ ऑगस्ट २०२४

जोडांना पिकलिंग पेस्ट लावून रंग काढला. या पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरते आणि जळजळ उशिरा जाणवते, त्यामुळे लांब हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा याशिवाय ते उघडूही नये. धुतल्यानंतर कारखान्यात बफिंग करून घेतले. चकाकी इथे दिखाव्यासाठी नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ टिकत नाही. पुढच्या आठवड्यात गणपती असल्याने कारखाना बंद राहील.

२१ सप्टेंबर २०२४

पल्पिट आणि सहाही खांबांचे पायथे डेकवर बसवले. भरलेल्या इपॉक्सीच्या मधोमध साडेसहा मिलिमीटरचे भोक पाडले आणि वरच्या तोंडाला काउंटरसिंकने किंचित उतार दिला. ब्यूटाइल टेपची (चिकट रबरी पट्टीची) बारीक वळी बोल्टाच्या मानेभोवती गुंडाळली की आवळताना ती या उतारात दाबली जाते आणि तिथे एक घट्ट वर्तुळ तयार होते. सिलिकॉन मी इथे वापरत नाही. ते डेकला नीट धरत नाही आणि एकदा लागले की त्यावर पुढे दुसरे काही चिकटत नाही.

आवळताना बोल्ट वरून स्थिर धरायचा आणि नट फक्त खालून फिरवायचा. बोल्ट फिरला तर भोवतीचे ब्यूटाइल पिळवटून निघते. हे काम दोघांचे आहे : भाचा डेकवर पाऊस चुकवत पाना धरून बसला होता आणि मी केबिनमध्ये उताणा पडून नट आवळत होतो. तो वरून “मामा, बाहेर आलं, चारी बाजूंनी सारखं,” असे सांगेपर्यंत आवळायचे आणि थांबायचे. ब्यूटाइल सावकाश सरकते, त्यामुळे एकाच दिवशी शेवटपर्यंत आवळण्यात अर्थ नाही. पुढच्या फेऱ्यांत थोडे थोडे आवळत नेले. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टावर तापून कायमचा जाम होतो, म्हणून आट्यांना आधी ग्रीसवजा अँटी-सीझ लावले.

६ ऑक्टोबर २०२४

तारा. पर्याय दोन होते : ३१६ ची तार किंवा डायनीमा या मजबूत कृत्रिम तंतूचा दोर. डायनीमा हलका आहे, हाताला लागत नाही आणि त्याची गाठवण घरी करता येते. पण खांबाच्या भोकांत तो घासतो आणि आपल्याकडच्या उन्हात त्याचे आयुष्य कमी होते. मी तार निवडली, एकोणीस धाग्यांची, ४ मिलिमीटर जाडीची. ८.५ मीटरखालच्या होडीला नियमाने ३ मिलिमीटर पुरते. ४ मिलिमीटरची तार सुमारे १,४०० किलोला तुटते, आणि धरणाऱ्या हातालाही ती कमी कापते.

पांढऱ्या प्लास्टिकचे आवरण असलेली तार हाताला मऊ लागते म्हणून पूर्वी फार वापरली जाई. ती मी कोणाच्याही होडीला सुचवणार नाही. स्टेनलेसचे गंजापासून संरक्षण त्याच्या पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थरामुळे होते आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. आवरणाखाली खारे पाणी शिरले की तिथे प्राणवायू पोचत नाही आणि तार आतून गंजत जाते. आवरणाच्या टोकाशी तपकिरी ओघळ दिसेपर्यंत बरेच धागे गेलेले असतात. उघडी तार रोज डोळ्यांना दिसते.

पुढची टोके पल्पिटला कडीने जोडली आहेत. मागची टोके डेकवरच्या कडीला डायनीमाच्या बारीक दोरीने, अनेक वेढे घेऊन, बांधली आहेत. नियमानुसार या बांधणीने भरलेले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि दोरी दरवर्षी बदलावी. या बांधणीचा मोठा फायदा असा, की पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेताना तारा आड आल्या तर चाकूच्या एका फटकाऱ्यात दोन्ही खाली पडतात.

१३ ऑक्टोबर २०२४

चाचणी. दोन खांबांच्या मध्यावर तारेला ४ किलो वजन टांगले तर वरची तार ५० मिलिमीटरपेक्षा आणि मधली १२० मिलिमीटरपेक्षा जास्त झुकू नये, अशी अट आहे. कॅनमध्ये मोजून चार लिटर पाणी भरून तेच टांगले. वरची तार ३५ मिलिमीटर झुकली. आणखी ताणली तर अट अधिक चांगली पाळली जाईल, पण तो ताण चोवीस तास पल्पिटच्या पायांवर राहील. म्हणून इथेच थांबलो.

त्यानंतर प्रत्येक खांबाचे टोक ताणकाट्यातून २५ किलोने बाहेर ओढले. टोक १२ ते १४ मिलिमीटर सरकले आणि सोडताच परत आले. भाचा केबिनमधून छताला चिकटवलेला शीटचा तुकडा आणि छत यांच्या सांध्यावर टॉर्च धरून पाहत होता. तिथे केसाएवढीही फट उघडली नाही. जिथे गाभा कुजला होता त्या डाव्या खांबाला मुद्दाम जास्त वेळ ताणून ठेवले, आणि तो भाग आता सर्वांत कमी हलतो.

डेकवर दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचे जॅकस्टेही, म्हणजे डेकवर लांबीने ताणलेले पट्टे, बांधले, किमान २० किलोन्यूटनच्या (सुमारे दोन हजार किलोच्या) ताकदीचे. सुरक्षा पट्टा त्यांनाच अडकवायचा, लाइफलाइनला कधीही नाही. लाइफलाइनला अडकवलेला माणूस पडला तर त्याचा सगळा झटका खांबाच्या टोकावर, म्हणजे सर्वांत वाईट जागी बसतो. शिवाय तो काठाबाहेरच लोंबकळतो. ही सूचना पाटीवर लिहून केबिनच्या दारात लावली आहे, कारण नव्या माणसाला मांडीशी आलेली तार पाहून तीच अडकवावीशी वाटते.

२० ऑक्टोबर २०२४

कोजागिरीनंतरच्या उधाणाला होडी पाण्यात गेली आणि आज शिडे चढवून मांडव्यापर्यंत जाऊन आलो. वारा मध्यम होता. जिबचा खालचा काठ वरच्या तारेला आणि पहिल्या खांबाच्या टोपीला घासतो, हे फर्म्यावरून अपेक्षित होतेच. त्यासाठी जिबचे खालचे पुढचे टोक १५० मिलिमीटरच्या पट्टीने वर उचलले. शीड थोडे वर गेले, तारेवरून मोकळे झाले, आणि त्याखालून समोरचे मच्छीमार जाळ्यांचे बोयेही आता दिसतात. खांबाच्या टोप्यांवर चामड्याचे आवरण शिवून घ्यायचे आहे. जिबची दोरी तारांच्या आतून न्यावी की बाहेरून, हे दोन्ही प्रकारे करून पाहिले. या होडीच्या कप्पीच्या जागेमुळे बाहेरून नेल्यावरच ती मोकळी राहते.

परतीच्या वाटेवर लाट असताना भाच्याने नाळेवर जाऊन जिब उतरवली. तो गुडघे टेकून, पाठ पल्पिटला लावून बसला, आणि त्याचे दोन्ही हात शिडासाठी मोकळे होते.

८ डिसेंबर २०२४

पहिली तपासणी. मागच्या बांधणीच्या दोऱ्या थोड्या सैल झाल्या होत्या, पुन्हा आवळल्या. डेकवर पाण्याचा पाइप सोडून खाली प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू धरला. सगळे कोरडे निघाले. पल्पिटच्या उजव्या मागच्या पायाच्या जोडापाशी चहाच्या रंगाचा पुसट डाग आला आहे. तिथे घासून पुन्हा पिकलिंग पेस्ट लावली. महिन्याने तो परत आला तर जोड तपासून घ्यावा लागेल. बाकी स्टील प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले की स्वच्छ राहते. मागच्या बांधणीच्या दोरीवर बसवल्याचा महिना मार्करने लिहून ठेवला आहे. पुढच्या ऑक्टोबरमध्ये, होडी पाण्यात जाण्यापूर्वी, चारही दोऱ्या नव्या बांधायच्या आहेत.